झोपेचं सुख आणि झोपेतली डागडुजी : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी : प्रश्न

मूळ प्रश्न ‘झोप इतकी छान का वाटते?’ असा होता. तो तसाच ठेवला तर मोजायचं काय, हेच कळत नाही. गाढ झोपेत माणूस स्वतःकडे पाहायला हजर नसतो. ‘काय मस्त झोप लागली’ हे वाक्य नेहमी उठल्यावरचं असतं. सुख जाणवतं ते दोनच ठिकाणी, डोळा लागता लागता आणि जाग येता येता. मेंदूची आणि शरीराची डागडुजी चालते ती मधल्या तासांत, आणि तिथे जाणीव नसते. म्हणून सुखाची नोंद आणि डागडुजीची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवायच्या. दोन्ही एकाच दिशेला जातात असं गृहीत धरायचं नाही.

सुखासाठी दोन कागद. पहिला पेंगेचा ९ पायऱ्यांचा करोलिन्स्का मापक. दुसरी १०० मिलिमीटरची कोरी रेघ, तिच्या एका टोकाला ‘अजिबात बरं वाटत नाही’ आणि दुसऱ्याला ‘याहून छान वाटूच शकत नाही’. सहभागी रेघेवर खूण करतो, आम्ही पट्टीने अंतर मोजतो. रेघेवर मधले आकडे छापायचे नाहीत. छापले की सगळ्या खुणा ५०, ७० अशा गोल आकड्यांवर गोळा होतात.

१२ जानेवारी : किती वाहिन्या, कोणत्या

मेंदूच्या लहरींसाठी डोक्याच्या उजव्या बाजूच्या तीन ठरलेल्या जागा, एफ४ (पुढे), सी४ (मध्ये) आणि ओ२ (मागे); तिन्हींचा संदर्भ, म्हणजे तुलनेचा बिंदू, डाव्या कानामागचा एम१. एफ४ पुढच्या भागातल्या संथ लहरींसाठी, सी४ स्पिंडलसाठी (झोपेतल्या वेगवान लहरींचे छोटे झुबके), ओ२ अल्फासाठी (डोळे मिटून जागं असतानाची लहर). यातली एक जरी गाळली तरी झोपेचा एक टप्पा आंधळा होतो. डोळ्यांसाठी दोन इलेक्ट्रोड, डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली १ सेंमी आणि उजव्याच्या वर १ सेंमी. एक खाली आणि एक वर असल्यामुळे डोळे कुठेही फिरले तरी दोन रेघा एकमेकींच्या उलट जातात. मेंदूची लहर मात्र दोन्हीत एकाच दिशेने उमटते. हनुवटीवर, स्नायूंचा ताण पाहायला, तीन : एक मध्यावर, जबड्याच्या कडेच्या १ सेंमी वर, दोन कडेच्या २ सेंमी खाली, मध्यापासून २-२ सेंमी बाजूला. शिवाय ईसीजी आणि छातीचा पट्टा.

सॅम्पलिंग सेकंदाला ५०० वेळा. फिल्टर लहरींना ०.३ ते ३५ हर्ट्झ, हनुवटीला १० ते १०० हर्ट्झ.

त्वचेच्या तापमानासाठी नाण्याएवढे नोंदक सेन्सर : दोन्ही पाय, दोन्ही हात, गळपट्टीच्या हाडाखाली आणि मांडीवर. मिनिटाला एक नोंद पुरते.

१९ जानेवारी : इलेक्ट्रोड बसवण्याचा सराव

सगळ्या रात्रीचं भवितव्य या पाऊण तासात ठरतं, म्हणून क्रम सविस्तर लिहून ठेवत आहोत.

टेप नाकाच्या मुळातल्या खळगीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत धरायची. अंतर ३६ सेंमी आलं तर १८ वर मध्य. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत मोजून त्याचा मध्य. दोन्ही मध्य जिथे छेदतात ती सीझेड. तिथून उजव्या कानाकडे, कान ते कान अंतराच्या २० टक्क्यांवर सी४. ओ२ साठी मागच्या उंचवट्यापासून नाक-उंचवटा अंतराच्या १० टक्के वर चढायचं आणि तिथून डोक्याच्या घेराच्या ५ टक्के उजवीकडे. डोळ्याने अंदाज घेऊन लावू नये. डोकी सारखी नसतात, आणि १-२ सेंमीच्या फरकाने स्पिंडलची उंची बदलते.

खूण केलेल्या जागी केस भांगासारखे दोन्ही बाजूंना सारायचे. घासायचा जेल कापसाच्या काडीवर घेऊन त्वचेवर हलक्या हाताने फिरवायचा. उद्देश मृत पेशींचा थर काढणं हा आहे, त्वचा सोलणं हा नाही. लाली दिसली की थांबायचं. जेल पुसून टाकायचा, कपाच्या आकाराच्या इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट काठोकाठ भरायची, टेकवून दाबायचा, वर गॉजचा तुकडा. पेस्ट शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरू द्यायची नाही. पसरली तर दोन्ही जागा विजेच्या दृष्टीने एकच होतात आणि रेघ खोटी सपाट दिसते. अशी सपाट, स्वच्छ रेघ दिसली की खूश होण्याआधी संशय घ्यायचा.

इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या आत. जास्त आला तर आधी पुन्हा घासायचं. नुसती पेस्ट वाढवून आकडा थोडा खाली येतो, पण दोन-तीन तासांत परत चढतो. सगळ्या तारा डोक्यामागे शेपटासारख्या एकत्र बांधायच्या, म्हणजे कूस बदलताना ताण एकाच जागी येतो.

दिवा घालवण्याआधी खातरजमा. सूचना सगळ्यांना एकाच शब्दांत द्यायच्या : “डोळे उघडे ठेवून समोर बघा,” ३० सेकंद. “आता मिटा,” ३० सेकंद. इथे ओ२ वर ८ ते १३ हर्ट्झची अल्फा उमटली पाहिजे. “डोकं न हलवता फक्त डोळ्यांनी वर-खाली बघा,” पाच वेळा. तसंच डावी-उजवीकडे. “दात घट्ट दाबा.” काही जणांत डोळे मिटल्यावरही अल्फा दिसत नाही. तो यंत्राचा दोष नव्हे, त्यांची ठेवणच तशी असते. अशा सहभागींच्या पानावर आधीच खूण करून ठेवायची, कारण त्यांची झोप लागल्याची वेळ अल्फा नाहीशी होण्यावरून ठरवता येणार नाही. तिथे डोळ्यांच्या संथ, झोकांड्या हालचाली पाहायच्या.

२३ जानेवारी : तापमानाचे सेन्सर

सगळे सेन्सर एका पातळ पिशवीत घालून पाण्यात बुडवले. ३० ते ३८ अंशांच्या दरम्यान चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं थांबून. प्रमाणित तापमापकाशी येणारा फरक प्रत्येक सेन्सरच्या नावापुढे लिहिला. ही कटकट टाळता येत नाही. आपल्याला हात-पाय आणि धड यांच्यातला फरक मोजायचा आहे, आणि झोपायच्या सुमारास तो अगदी लहान होतो. दोन सेन्सर विरुद्ध दिशांना अर्धा-अर्धा अंश चुकत असतील तर सगळा निष्कर्ष त्या चुकीतच बसतो.

३१ जानेवारी : पहिल्या रात्री

पहिली रात्र हिशेबात धरायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. नव्या जागेत पहिल्या रात्री झोप उशिरा लागते, मध्ये जास्त वेळा तुटते आणि रेम झोप (डोळे भिरभिरण्याची, स्वप्नांची झोप) कमी होते. प्रयोगशाळांना हे १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. २०१६ मध्ये तमाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या गोलार्धातला एक भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आणि अनोळखी आवाजांना तोच जास्त प्रतिसाद देतो. म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावर. आमच्या वाहिन्या मुख्यतः उजव्या बाजूला असल्यामुळे हे आपल्या नोंदीत दिसणार नाही. पहिली रात्र सवयीसाठी, मोजणी दुसऱ्यापासून.

६ फेब्रुवारी : पाय गरम, डोळा जड

सुखाचा सगळ्यात सहज मोजता येणारा भाग त्वचेत आहे. संध्याकाळी हाता-पायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर सोडली जाते आणि शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरू लागतं. हात-पाय उबदार आणि अंग सैल, हे झोपेच्या उंबरठ्यावरचं सुख यातूनच येतं. बाझेलच्या क्राउखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की झोप किती लवकर लागेल याचा सर्वांत चांगला अंदाज हाता-पायांच्या आणि धडाच्या त्वचेच्या तापमानातल्या फरकावरून येतो.

आमची पद्धत : हात-पायांची सरासरी वजा गळपट्टी-मांडीची सरासरी. दिवसा उत्तर ऋण येतं, झोपायच्या सुमारास शून्याकडे सरकतं. पाय शेकण्याच्या रात्री ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात पाय १५ मिनिटं, दिवा घालवण्याच्या तासभर आधी. पाणी बोटांच्या बेचक्यांतूनही पूर्ण टिपायचं. ओल राहिली तर ती वाळताना पाय गार पडतात आणि वाहिन्या पुन्हा आखडतात, म्हणजे उलटाच परिणाम.

हाताचा सेन्सर फसवतो. हात उशीखाली किंवा गालाखाली गेला की आकडा एकदम चढतो. त्याचा रक्तवाहिन्यांशी संबंध नसतो. चढ दोन-चार मिनिटांत आणि एकाच हातावर आला तर ती नोंद गाळायची. पायाचे आकडे जास्त विश्वासाचे.

झोपण्याआधीची गरम पाण्याची आंघोळ याच वाटेने काम करते. अंग तापवणं हा तिचा खरा उपयोग नाही. त्वचेच्या वाहिन्या उघडून नंतर गाभा निववणं हा आहे, म्हणून ती एक-दोन तास आधी हवी. अगदी अंथरुणात शिरताना केली तर गाभा अजून उतरलेला नसतो.

१४ फेब्रुवारी : डोळा लागताना

माहितीफलकाचा मजकूर लिहिताना सगळ्यात जास्त खाडाखोड या भागात झाली, कारण ‘सुख’ म्हणजे इथे किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, दाब सुटणं. जागेपणी मेंदूच्या पेशी जी ऊर्जा वापरतात तिच्यातून अॅडेनोसिन उरतं. १९९७ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात मेंदूच्या तळाशी पुढच्या भागात ते जागरणाबरोबर साठत जातं आणि झोपेत उतरतं असं दिसलं. कॅफीन अॅडेनोसिनच्या ग्राहकांवर बसून त्याला अडवतं. साठा तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात आणि माणसागणिक हे बरंच बदलतं, म्हणून सहभागींना दुपारी बारानंतर चहा-कॉफी बंद. दाब जितका जास्त तितकं तो सुटण्याचं सुख मोठं. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण शरीरशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते : दाब पुरेसा असला की अंथरूण कसं आहे याला फार किंमत उरत नाही.

दुसरी, पहारा उठणं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या पेशी गाबा आणि गॅलॅनिन ही शांत करणारी रसायनं सोडून जागं ठेवणारी केंद्रं दाबतात, आणि ती केंद्रं या पेशींना दाबतात. दोघं एकमेकांना दाबत असल्यामुळे मधली स्थिती टिकत नाही. पारडं एकीकडे पूर्ण झुकतं. मेंदूतज्ज्ञ फॉन एकोनोमो यांनी १९१७ पासून मेंदूला सूज आणणाऱ्या निद्रारोगाच्या (एन्सेफलायटिस लेथार्जिका) साथीतल्या रुग्णांचे मेंदू पाहून झोपेचं केंद्र इथेच असावं असा तर्क मांडला होता. पारडं झुकलं की नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे सावध ठेवणारं रसायन, उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात, जबडा आणि मान सैल पडतात. आपल्या हनुवटीच्या रेघेवर हे डोळ्यांना दिसतं, जाड पट्टा बारीक होत जातो.

तिसरी, विचारांचा लगाम सुटणं. मेंदूच्या आत तारा खुपसलेल्या अपस्माराच्या रुग्णांत २०१० मध्ये दिसलं की थॅलॅमस, म्हणजे बाहेरची बातमी पुढे पोचवणारा मेंदूतला आतला भाग, आधी शांत होतो आणि मेंदूचा बाह्य थर कित्येक मिनिटं मागाहून. बाहेरची बातमी आत येणं बंद झालेलं, पण आतला कारखाना अजून चालू. बिनबुडाची चित्रं, अर्धवट वाक्यं, पाय घसरल्यासारखा एकदम येणारा झटका, हे सगळं याच फटीतलं. झटका येतो तेव्हा हनुवटीवर उंच काटा आणि लहरींत क्षणभर जाग दिसते. निरोगी माणसांत तो नेहमीचा आहे, दोष म्हणून नोंदवू नये.

उंदरांवरच्या २०१६ च्या प्रयोगातली एक गोष्ट फलकावर हवीच. बक्षिसाशी जोडलेल्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी दाबल्या की उंदीर झोपत होते, पण झोपण्याआधी घरटं करायला लागत. झोपेची तयारी हीदेखील झोपेच्या यंत्रणेचाच भाग आहे.

२० फेब्रुवारी : रेघेतले दोष

घाम. संथ, ०.५ हर्ट्झच्या आसपासच्या लाटा, एकाच वेळी अनेक वाहिन्यांवर. नवख्या डोळ्याला ही गाढ झोप वाटते. ओळखायचं असं : घामाची लाट डोळ्यांच्या वाहिन्यांवरही डोलते, आणि तिच्या खाली जागेपणीची बारीक लहर तशीच चालू असते. उपाय खोली गार करणं, वरचं पांघरूण काढणं. फिल्टरची खालची मर्यादा वाढवून लाट कापून टाकण्याचा मोह होतो. तो टाळायचा, कारण त्याच कात्रीत खऱ्या संथ लहरीही जातात.

ईसीजी घुसणं. ठोक्याबरहुकूम टोकदार काटे. कानामागचा इलेक्ट्रोड हाडाऐवजी मानेच्या मांसावर बसला की हे होतं. वर सरकवायचा. भागलं नाही तर दोन्ही कानांमागच्या इलेक्ट्रोडची सरासरी संदर्भ म्हणून घ्यायची.

विजेची गुणगुण, पुरवठ्याप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ. जवळजवळ दरवेळी एखादा इलेक्ट्रोड सैल असतो. आधी इम्पीडन्स, मग चार्जर, मग बाकीचं.

१ मार्च : मधले तास

नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची. तुकड्याच्या किमान २० टक्के भागात, म्हणजे ६ सेकंद, ०.५ ते २ हर्ट्झच्या आणि ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच लहरी पुढच्या भागात असतील तर ती एन३, गाढ झोप. तरुण प्रौढांत ती बहुतेक पहिल्या दोन आवर्तनांत संपते. एक आवर्तन, म्हणजे उथळ झोपेपासून गाढ झोप आणि रेमपर्यंतचा एक फेरा, साधारण ९० ते ११० मिनिटांचं.

या संथ लहरीत बाह्य थरातल्या लाखो पेशी एकत्र गप्प होतात आणि एकत्र बोलतात, सेकंदाला साधारण एकदा. जागेपणी अशी एकजुटीची शांतता कधी मिळत नाही. झोपेचे संशोधक तोनोनी आणि चिरेल्ली यांची मांडणी अशी की दिवसभर शिकताना पेशींमधले जोड एकूणात घट्ट होत जातात, त्याला जागा आणि ऊर्जा दोन्ही जास्त लागतात, आणि झोपेत ते पुन्हा सैल करून लहान केले जातात. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झोपेनंतर जोडांचं क्षेत्रफळ सरासरी १८ टक्क्यांनी कमी आढळलं. सगळ्यात मोठे जोड मात्र फारसे बदलले नव्हते. सकाळी ‘डोकं हलकं झालं’ याला शब्दशः काही आधार असेल तर तो इथे.

मेंदू धुतला जातो, हे वाक्य फलकाच्या मसुद्यातून काढलं. २०१३ मध्ये झोपलेल्या आणि भूल दिलेल्या उंदरांत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि अमायलॉइड-बीटा (अल्झायमरशी जोडलं जाणारं टाकाऊ प्रथिन) लवकर निघून जातं असं आढळलं. २०१९ मध्ये माणसांत संथ लहरींच्या पाठोपाठ मेंदूभोवतीच्या द्रवाच्या लाटा दिसल्या. पण २०२४ मध्ये उंदरांवरच्याच दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत झोपेत आणि भुलेत निचरा मंदावलेला आढळला. फलकावर तिन्ही निष्कर्ष जातील, ‘वाद चालू आहे’ या वाक्यासह. शाळकरी मुलांना वाद समजतो. अर्धवट खात्रीपेक्षा तो बरा.

शरीराच्या बाजूला : वाढ संप्रेरकाचा दिवसातला मोठा लोट पहिल्या गाढ झोपेबरोबर येतो. रक्तदाब रात्री साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रोगप्रतिकारावर २००२ चा एक प्रयोग थेट आहे : काही रात्री फक्त ४ तास झोपू दिलेल्या तरुणांत फ्लूची लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रतिपिंडं नेहमीइतकं झोपणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होती.

रेम झोप थोडक्यात. डोळे भिरभिरतात, हनुवटीची रेघ रात्रीतली सर्वांत बारीक होते, मेंदूची रेघ जागेपणासारखी. नॉरअॅड्रेनॅलिन सोडणारं मेंदूतलं केंद्र, लोकस सेरुलियस, पूर्ण गप्प, म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिन जवळजवळ शून्य. शरीराचं तापमान राखण्याची यंत्रणाही ढिली पडते, म्हणून पहाटे खोली फार गार झाली तर जाग याच टप्प्यातून येते. २०-२५ टक्के रात्र या झोपेत जाते, बहुतेक उत्तरार्धात.

९ मार्च : साखरझोप

सुखाची आणि डागडुजीची अशा दोन वह्या शेजारी ठेवल्यावर सगळ्यात बोलका भाग पहाटेचा. सकाळच्या कागदावर सहभागी ज्या झोपेबद्दल भरभरून लिहितात ती शेवटच्या दीड-दोन तासांची. त्या वेळच्या रेघेत एन३ जवळपास नसतेच; एन२ (मध्यम, गाढ नसलेली झोप), रेम आणि मधून मधून काही सेकंदांची जाग, एवढंच. डागडुजीचा मोठा हिस्सा तोवर उरकलेला असतो.

आमचा कयास असा. गाभ्याचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी सुमारे दोन तास सर्वांत खाली असतं आणि शरीराचं घड्याळ तेव्हा झोपेच्या बाजूने जोर लावतं. त्यामुळे दाब संपला असूनही झोप टिकते. मधली प्रत्येक छोटी जाग म्हणजे पुन्हा एकदा डोळा लागण्याची संधी. रात्रीच्या पहिल्या प्रहरात उंबरठा एकदाच ओलांडला जातो, पहाटे कितीतरी वेळा, आणि तेही आपल्याला कळेल इतक्या उथळ झोपेत. सुख जास्त आहे कारण साक्षीदार हजर आहे.

यावरून साखरझोप फुकट, असं कुणी म्हणू नये. ती कापली तर रेमचा मोठा वाटा जातो.

१५ मार्च : उठवणं

उठवण्याची वेळ रेघ पाहून. एन३ मधून उठवलं तर डोकं जड राहतं. साधारण १५ ते ३० मिनिटं, कधी तासभरही. जाग आली तरी मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह पूर्ववत व्हायला वेळ लागतो. अशा वेळी सुखाच्या कागदावरच्या रेघेवरची खूण शून्याकडे पडते, झोप कितीही चांगली झालेली असो. म्हणून सुखाचा कागद उठल्याबरोबर एकदा आणि ४५ मिनिटांनी पुन्हा. दुपारच्या डुलकीची मर्यादा २० मिनिटं याच कारणाने. त्यापुढे एन३ मध्ये शिरण्याचा धोका वाढतो.

एन१ मधून, म्हणजे डोळा लागतानाच्या सर्वांत उथळ झोपेतून, हलवलेले बरेच जण ‘मी जागाच होतो’ म्हणतात. वाद घालायचा नाही. त्यांचं म्हणणं सुखाच्या वहीत जातं, रेघ डागडुजीच्या वहीत.

२२ मार्च : लक्षचाचणी

१० मिनिटांची चाचणी : पडद्यावर आकडा २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने उमटतो, दिसताक्षणी बटण दाबायचं. ५०० मिलिसेकंदांहून उशीर झाला की एक चूक. सगळ्यांना एकच यंत्र आणि खरं बटण. फोनच्या काचेला स्पर्श ओळखायला लागणारा वेळ फोनागणिक वेगळा असतो आणि तो थेट उत्तरात मिसळतो. चाचणी उठल्यावर तासाभराने, नाहीतर उठतानाचं जडपण मोजलं जातं.

ही चाचणी का हवी ते फलकाच्या मध्यभागी लिहायचं आहे. व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिलेल्या गटांची तुलना केली. ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष घसरत घसरत दोन रात्रींच्या पूर्ण जागरणापर्यंत गेलं. पेंगेचे त्यांनी स्वतः दिलेले गुण मात्र काही दिवसांनी जवळपास स्थिरावले. ‘मला सहा तास पुरतात’ हे वाक्य पहिल्या वहीतलं आहे. दुसऱ्या वहीशी ताडल्याशिवाय ते पुरावा म्हणून घ्यायचं नाही.

२६ मार्च : पुढच्या फेरीआधी

पायांच्या सेन्सरना श्वास घेणारी पट्टी वापरायची. प्लास्टिकच्या पट्टीखाली घाम साठून आकडा चढतो. डोळ्यांच्या इलेक्ट्रोडजवळ घासायचा जेल अजिबात नको, फक्त ओल्या कापसाने पुसणं. पेस्टच्या डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं तर तो डबा टाकून द्यायचा; सुकलेल्या पेस्टमुळे पहाटे इलेक्ट्रोड ‘उडतात’, आणि नेमकी साखरझोपेची नोंद हातची जाते. एम१ सुटला तर तिन्ही वाहिन्या एकदम जातात, म्हणून उजव्या कानामागे एम२ पहिल्यापासून लावून ठेवायचा. एफ३, सी३, ओ१ या डाव्या जागाही जोडल्या तर पहिल्या रात्रीची नोंद टाकून न देता दोन गोलार्ध ताडून पाहता येतील.